गळका फ्लश, कूलर आणि मागची विहीर : घरच्या पाण्याच्या कामाच्या नोंदी

३ मार्च

घर नागपुरात, त्रिमूर्तीनगरहून जयताळ्याकडे जाताना आतल्या एका लेआउटमध्ये. प्लॉट १५०० चौरस फुटांचा, स्लॅब सुमारे १००० चौरस फूट. माणसं पाच. खाली जमिनीतलं टाकं, छतावर १००० लिटरची टाकी, आणि मागच्या सांदीत लेआउट पडायच्या आधीची एक विहीर. ती कित्येक वर्षं फरशीखाली झाकलेली आहे.

हे काम हाती घ्यायचं कारण २०१९ चा जुलै. ऐन पावसाळ्यात पेंच नदीवरचं तोतलाडोह धरण तळाला गेलं आणि शहरात एक दिवसाआड नळ सुरू झाला. आपलं बरंचसं पाणी पेंचचं, आणि पेंचच्या वरच्या अंगाला मध्य प्रदेशात आता चौराई धरण आहे. म्हणजे आपल्याकडे पाऊस पडला की धरण भरलंच, असं राहिलेलं नाही. त्या महिन्यात आईंनी (सासूबाई) धुण्याचं पाणी बादलीत साठवून संडासाला वापरलं होतं. पुढच्या वेळी अशी पाळी आली तर घर तयार असावं, एवढाच हेतू.

सुरुवात मीटरपासून केली. मीटरवरचं एक युनिट म्हणजे १००० लिटर. आठवड्याचा फरक निघाला ६.७ युनिट. दिवसाला ९५७ लिटर, माणशी १९० च्या वर. शहरी पाणीपुरवठ्याच्या आखणीत माणशी १३५ लिटर धरतात. अजून कूलर लागलेले नाहीत, बाग म्हणजे आठ-दहा कुंड्या. मग एवढं पाणी जातं कुठे?

९ मार्च

रात्रीची चाचणी. मीटर टाक्याच्या आधी असल्यामुळे घरातली गळती त्यावरून कळत नाही. म्हणून छतावरच्या टाकीत मोजायचं. रात्री साडेदहाला सगळे नळ बंद, मोटर बंद, आणि टाकीत लाकडी पट्टी उभी धरून ओल्या खुणेवर पेन्सिलीनं रेघ. सकाळी साडेपाचला परत तसंच. कोणी रात्री उठलं तर बादलीतलं पाणी वापरायचं, हे आधीच सांगून ठेवलं होतं.

सात सेंटिमीटर उतरलं. टाकीचा आतला व्यास ११० सेंटिमीटर, म्हणजे एक सेंटिमीटरला साडेनऊ लिटर. सात तासांत ६६ लिटर, या हिशेबानं दिवसाला सव्वादोनशे. घरात एकही नळ टपकताना दिसत नाही, जमीन कुठे ओली नाही.

अशी न दिसणारी गळती बहुधा फ्लशची असते. टाकीतून भांड्यात बारीक धार सतत उतरत राहते, ती डोळ्याला दिसत नाही आणि तिचा आवाजही येत नाही. ओळखायला फ्लशच्या टाकीत कपड्याची नीळ टाकली. हळद टाकू नका, ती तळाशी बसते आणि काही कळत नाही. वरच्या मजल्यावरच्या भांड्यात पंधरा मिनिटांत निळी रेघ उतरली. खालचा फ्लश ठीक आहे.

१२ मार्च

प्लंबर म्हणाला पूर्ण सेट बदला, साडेसहाशे रुपये. आधी ८० रुपयांचं वॉशर बदलून पाहायचं ठरवलं. बदललं, तरी निळी रेघ आलीच. मग वॉशर जिथे बसतं ती कड बोटानं चाचपली, तर खरखरीत. एका उन्हाळ्यात टँकरचं बोअरचं पाणी घेतलं होतं, त्याचा क्षार जमून कडेला पापुद्रा धरला होता. नवं वॉशर खरखरीत कडेवर बसणार कसं? टाकी रिकामी करून निंबूसत्वाचं घट्ट पाणी रात्रभर त्या कडेवर ठेवलं, सकाळी प्लास्टिकच्या घासणीनं घासलं. आता नीळ उतरत नाही. रात्रीची चाचणी परत केली, पट्टीवरची रेघ जागची हलली नाही.

या एका दुरुस्तीनं जेवढं पाणी वाचलं तेवढं पुढच्या कुठल्याही कामानं इतक्या कमी पैशांत वाचलेलं नाही. तुम्ही काहीच करणार नसाल तरी एवढी चाचणी करा.

१८ मार्च

दोन गोष्टी करून पाहिल्या. एक काढून टाकली, दुसरी फक्त खालच्या मजल्यावर ठेवली.

पहिली, फ्लशच्या टाकीत पाण्यानं भरलेली लिटरची बाटली ठेवणं. आमचं भांडं जुन्या बनावटीचं आहे, त्याला पूर्ण दहा लिटरचा जोर लागतो. बाटली ठेवल्यावर सगळे दोनदा फ्लश करू लागले. एक लिटर वाचवायला नऊ लिटर जादा.

दुसरी, नळाच्या तोंडाला लावायच्या हवेच्या जाळ्या. खालच्या स्वयंपाकघरात छान चालतात, भांडी घासताना धार अर्ध्यावर येते आणि बाईंची तक्रार नाही. वरच्या मजल्यावर मात्र पाणी नुसतं ठिबकतं. टाकी नळाच्या जेमतेम आठ-नऊ फूट वर, तेवढ्या दाबावर या जाळ्या चालतच नाहीत. बेसिनवर तोंड धुवायला दुप्पट वेळ लागायला लागला. दुमजली घर आणि छतावर टाकी असेल तर जाळ्या फक्त खालच्या मजल्यासाठी घ्या.

७ एप्रिल

आरओच्या पाण्याचा प्रश्न. आमचं यंत्र एक लिटर शुद्ध पाण्यामागे साधारण तीन लिटर बाहेर टाकतं. उन्हाळ्यात पिण्याला बारा लिटर लागतं, म्हणजे ३६ लिटर सिंकमध्ये. गेल्या आठवड्यापासून नळी ड्रममध्ये सोडली आणि ते पाणी कूलरमध्ये ओतायला सुरुवात केली. सगळीकडे हाच सल्ला ऐकला होता.

हा सल्ला नागपूरच्या कूलरसाठी चांगला नाही. कूलरमधून पाणी उडून जातं, क्षार तिथेच राहतो. आरओनं टाकलेल्या पाण्यात आधीच क्षार जास्त. आठ दिवसांत गवताच्या ताटीवर खालच्या बाजूला पांढरी साय धरली आणि पंपाच्या जाळीत खडे अडकले. हे पाणी फरशी पुसायला, ओटा धुवायला, संडासात ओतायला ठीक आहे, कूलरला नाही.

१४ एप्रिल

३५० रुपयांचं टीडीएस मीटर घेतलं. पाण्यात विरघळलेले क्षार किती, ते हे लिटरमागे मिलिग्रॅममध्ये दाखवतं. हे आधीच घ्यायला हवं होतं, कारण त्यानं प्रश्नच बदलला. नळाचं पाणी २१०. कोपऱ्यावरच्या घरातल्या बोअरचं ८४०. आरओतून निघालेलं ३८. आरओनं टाकलेलं २९० च्या आसपास. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात ५०० पर्यंतचं पाणी चांगलं मानलं आहे, आणि ज्या भागात पाणी ५०० च्या आत आहे तिथे आरओ नकोच असं राष्ट्रीय हरित लवादानं २०१९ साली सांगितलं होतं. आमच्या नळाच्या पाण्याला आरओची गरजच नव्हती. जंतूंसाठी गाळणी आणि अल्ट्राव्हायोलेटचा (यूव्ही) दिवा पुरतो.

आईंना चव बदलेल अशी शंका होती. दोन तांब्यांत दोन्ही पाणी ठेवलं. त्यांनी नळाचंच गोड म्हणून सांगितलं, पण माठातलं हवं असा हट्टही धरला. माठ आला. आरओचं यंत्र बंद करून साधं यूव्हीचं बसवलं, खर्च ७,४०० रुपये. जुनं यंत्र चालू असेल तर बदलायची घाई नको, पण त्याचं पडदा-फिल्टर बदलायचं बिल यायच्या आधी एकदा टीडीएस मोजा. तुमच्याकडे बोअरचं पाणी असेल तर ही नोंद तुमच्यासाठी नाही.

सांडलेलं पाणी कुठे वापरावं याच्या युक्त्या शोधण्यात माझा पंधरवडा गेला. ते सांडायलाच नको हे तपासायला पाच मिनिटं लागली.

२२ एप्रिल

कूलर. नागपूरच्या घरात उन्हाळ्यात सर्वांत जास्त पाणी हाच पितो आणि पाणी वाचवण्याच्या कुठल्याही यादीत त्याचं नाव नसतं. हॉलचा मोठा लोखंडी कूलर मोजला. पारा ४३ वर, बाहेर कोरडी झळ. नळी काढून बादलीनं भरला. दुपारी बारा ते सहा, सहा तासांत ९६ लिटर.

यातलं किती खरंच थंडावा देऊन उडालं आणि किती नुसतं सांडलं? खिडकीबाहेर कूलरखाली पत्र्याचा मोठा ट्रे ठेवला. त्यात सहा तासांत १८ लिटर जमलं. हे पाणी रोज सज्जावरून भिंतीवर ओघळत होतं आणि वाळत होतं, म्हणून कधी लक्षात आलं नाही.

बाकीचं ७८ लिटर उडालं, आणि त्याला हात लावता येत नाही. ते उडतं म्हणूनच हवा थंड होते. पंपाला टायमर लावून पाणी वाचतं असं कूलर दुरुस्तीवाल्यानं सांगितलं. लावून पाहिला. ताटी ओली असेतोवर पाणी तेवढंच उडतं, आणि ताटी वाळली की खोली तापते. टायमर परत केला.

१८ लिटर मात्र पूर्ण वाचवता आले. तीन जागा होत्या. फ्लोटचा वॉल्व्ह पूर्ण बंद होत नव्हता. टाकीच्या कोपऱ्यात गंजून भोक पडलं होतं, त्याला दोन हात डांबर दिलं. आणि वरच्या पन्हाळीची भोकं काही बुजलेली, काही मोठी झालेली. त्यामुळे एका बाजूची ताटी कोरडी आणि दुसऱ्या बाजूनं धार बाहेर. भोकं तारेनं मोकळी केली, मोठी झालेली एमसीलनं बुजवून पुन्हा पाडली. गवत नवं भरलं. एकूण ६२० रुपये. कूलर आधीपेक्षा जास्त थंड करतो, कारण आता तिन्ही ताट्या ओल्या होतात.

टाकीतल्या पाण्याचं टीडीएस रोज चढतं. २१० चं पाणी चार दिवसांत अकराशेवर गेलं. म्हणून दर चौथ्या दिवशी तळाचं पाणी काढून संडासासाठी वापरतो. डेंग्यूचा डास अंड्यापासून उडायला लागेपर्यंत आठ-दहा दिवस घेतो, त्यामुळे तेही काम यातच होतं. हे पाणी कुंड्यांना घालू नका, मोगऱ्याची पानं कडेनं करपली.

२ मे

आता मोठं काम. छताचं पाणी विहिरीत.

गणित असं : एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. आमचं छत ९३ चौरस मीटर. उडालेलं, सांडलेलं वजा करून एका मिलिमीटरला ७५ लिटर हाती येतं. नागपुरात वर्षाला हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. म्हणजे पाऊण लाख लिटर, जे आजवर दोन पाइपांतून थेट रस्त्यावर जात होतं.

साठवायला एवढी टाकी कोण बांधणार? पण विहीर आहे. शहराच्या या बाजूला काळ्या मातीखाली मुरूम आणि त्याखाली काळा दगड, त्याच्या वरच्या भेगाळ थरात पाणी मुरतं. विहीर त्या थरापर्यंत खणलेली आहेच.

फरशी काढली. खाली कोरडी, नुसता कचरा.

१० मे

गाळ काढला. काम करणारी चार माणसं, रहाट, दोर, घमेली. ७,००० रुपये ठरले.

उतरायच्या आधी त्यांच्यातल्या मोठ्या काकांनी पेटता दिवा दोरीनं खाली सोडला. तो निम्म्यावर विझला. वर्षानुवर्षं झाकलेल्या विहिरीत खराब हवा साचलेली असते, आणि दरवर्षी माणसं अशाच विहिरीत मरतात. त्या दिवशी काम झालं नाही. रात्रभर झाकण उघडं ठेवलं, कूलरचा पंखा काढून तोंडाशी उलटा लावला, दुसऱ्या दिवशी दिवा तळापर्यंत जळत राहिला. तरीही उतरणाऱ्याच्या कमरेला दोर आणि वर दोन माणसं, यात तडजोड नाही. दिवा जळतो म्हणजे सगळं ठीक, असंही नाही, काही वायू दिव्याला कळत नाहीत. पंखा शेवटपर्यंत चालू ठेवला. मजूर घाई करत असतील तर तुम्ही करू देऊ नका. एक दिवस वाया जाऊ द्या.

निघालं काय? विटा, प्लास्टिक, मूर्तींची माती, आणि एक पितळी गुंड (पाण्याचं भांडं). आईंनी तो चिंचेनं घासून देवघराजवळ ठेवला आहे. गाळ गेल्यावर खोली ३४ फूट. व्यास सहा फूट, म्हणजे एक फूट पाणी चढलं की साधारण ८०० लिटर. तोंडावर लोखंडी जाळी आणि कुलूप, घरात लहान मूल आहे.

१९ मे

पाइप. दोन्ही उतरत्या पाइपांना चार इंची पाइपानं जोडून मागच्या भिंतीनं विहिरीकडे नेलं. मिस्त्री भाऊ सकाळी सहा ते साडेदहा काम करायचे, मग थेट संध्याकाळी पाचनंतर. या दिवसांत दुपारी कोणाला छतावर चढवू नका.

छताचा उतार आधी तपासला. बादल्या ओतून पाणी कुठे थांबतं ते खडूनं आखलं. आग्नेय कोपऱ्यात तळं साचत होतं, तिथे कोबा करून उतार दिला. पाइपाच्या तोंडावर जाळीची टोपी. शेजारच्या कडूनिंबाची पानं आमच्याकडेच पडतात.

विहिरीच्या आधी एक टी (तीन तोंडांचा जोड) आणि वॉल्व्ह ठेवला, पहिल्या पावसाचं घाण पाणी बाहेर सोडायला. धूळ, पानं, कबुतरांची विष्ठा या पाण्यातून जाते. आपोआप पाणी वळवणारा उभा पाइप करायचा विचार होता, पण चार इंची पाइपाच्या एका मीटरमध्ये साडेआठ लिटरच मावतं आणि आमच्या छताला पहिले दोन मिलिमीटर सोडायचे म्हटले तर १८६ लिटर. तेवढा पाइप उभा करायला जागा नाही. हातानं उघडायचा वॉल्व्हच बरा.

गाळणीसाठी २०० लिटरचा निळा ड्रम. खाली गोटे, वर गिट्टी, वर बारीक चुरी, सर्वांत वर कन्हानची धुतलेली रेती. ड्रम आणि माल मिळून १,७०० रुपये.

१३ जून

मृग लागून पाच दिवस झाले, आज पहिला खरा पाऊस. वॉल्व्ह उघडा, सगळं पाणी बाहेर. पहिली दहा मिनिटं चहासारखं पाणी येत होतं.

मागच्या भिंतीवर पाइपाचा एक जोड उघडला. सोल्यूशन लावून घट्ट केलेला जोड होता. नऊ मीटर सरळ पाइप, दोन्ही टोकं पक्की, आणि नवतपाचं (मे अखेरच्या नऊ कडक दिवसांचं) ऊन. तापमान तीस अंशांनी चढ-उतार झालं तर एवढ्या लांबीचा पीव्हीसी पाइप सुमारे दोन सेंटिमीटर लांब-आखूड होतो. त्याला सरकायला जागाच नव्हती, म्हणून जोड ओढला गेला. आता मध्ये रबर रिंगचा जोड टाकला, त्यात पाइप आत-बाहेर सरकतो, आणि क्लॅम्प थोडे सैल ठेवले. मे महिन्यात छतावर पाइप टाकणार असाल तर सुरुवातीलाच रिंगचे जोड घ्या.

२७ जून

रात्री जोरदार पाऊस. ड्रम भरून वाहायला लागला, सांदीत घोटाभर पाणी. निम्म्याहून जास्त पाणी विहिरीत गेलंच नाही.

सकाळी नळीनं पाणी सोडून मोजलं. ड्रममधून मिनिटाला १४-१५ लिटर गळतं. तासाला ५० मिलिमीटरचा पाऊस असेल तर छतावरून मिनिटाला ७८ लिटर येतं. नागपूरचा पाऊस असाच येतो, तासाभरात कोसळून मोकळा. ड्रमचं तोंड लहान, आणि बारीक रेती एका पावसातच वरून लिंपल्यासारखी झाली.

दुसरी अडचण विहिरीत. पाणी तोंडाशीच सोडलं होतं, ते तीस फुटांवरून पडून तळ ढवळत होतं. पाणी गढूळ झालं.

४ ते १३ जुलै

ड्रम काढला. जमिनीत विटांचं पक्कं चेंबर बांधायचं ठरलं. पावसाची उघडीप पाहून खणायला घेतलं. पहिले चार फूट काळी माती. ती ओली झाली की फुगते आणि ढासळते. दोनदा कड खाली आली. मिस्त्री भाऊंनी फळ्या लावून आधार दिला. "उन्हाळ्यात केलं असतं त तीन दिसांचं काम होतं जी ताई," हे त्यांचं म्हणणं खरं आहे. उन्हाळ्यात काळी माती विटेसारखी टणक असते, खणायला मेहनत जास्त पण कड उभी राहते. वर्षभरातलं खणकाम होळी ते नवतपा यांच्या मधे उरका. चार फुटांखाली मुरूम लागला, तिथपर्यंत भिंती नेल्या.

दोन कप्पे आहेत. पहिला दोन फूट बाय अडीच फूट, नुसता रिकामा, गाळ बसायला. दुसरा चार बाय अडीच. त्यात तळाशी चाळीस एमएम गिट्टी एक फूट, वर वीस एमएम नऊ इंच, वर सहा एमएम सहा इंच, सर्वांत वर जाड रेती फक्त तीन इंच, नायलॉनच्या जाळीवर. जाळी उचलून रेती धुता येते. दुसऱ्या कप्प्याच्या वरच्या अंगाला ओसंडणाऱ्या पाण्याचा पाइप बाहेरच्या नालीकडे. हा पाइप विसरू नका. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला तेव्हा नाग नदीकाठच्या वस्त्यांनी पाहिलं आहे, वाट न ठेवलेलं पाणी स्वतःची वाट करतं आणि ती घरातून जाते.

विहिरीतला पाइप तळापासून दोन फुटांवर नेला आणि टोकाला कोपर लावून तोंड वर वळवलं. आता तळ ढवळत नाही.

चेंबरचा खर्च मजुरीसकट १३,५०० रुपये.

२४ जुलै

दोन दिवस चांगला पाऊस. चेंबर ओसंडलं नाही. दोरीला दगड बांधून पाणी मोजते. बुधवारी सकाळी आठ फूट होतं, पावसानंतर साडेअकरा, आणि पुढच्या दिवशी परत साडेनऊ. घरातले काळजीत पडले, पाणी गेलं कुठे? ते जमिनीत गेलं, आणि त्यासाठीच हे सगळं केलं आहे. विहीर टाकीसारखी भरून राहावी ही अपेक्षा ठेवू नका.

पावसाळ्यात विहिरीची पातळी आमच्या छताशिवायही चढलीच असती, तेव्हा यातलं किती आमचं हे या वर्षी सांगता येणार नाही. खरा आकडा पुढच्या एप्रिलमध्ये.

६ ऑगस्ट

विहिरीचं पाणी तपासलं. हायड्रोजन सल्फाइडची बाटली मिळते, त्यात पाणी भरून ठेवायचं, काळं झालं तर मैलपाण्याचे जंतू आहेत असं धरायचं. दुसऱ्या दिवशी काळं झालं. विहिरीपासून ड्रेनेजचं चेंबर दहा फुटांच्या आत आहे आणि त्याचा एक जोड पाझरत होता. जोड दुरुस्त केला, विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकली, गप्पी मासे नंतर सोडायचे ठरवले कारण क्लोरीनमध्ये ते मरतात. तरीही हे पाणी पिण्याला, स्वयंपाकाला, आंघोळीला वापरणार नाही. संडास, फरशी, कुंड्या, गाडी.

२० ऑगस्ट

संडासांसाठी छतावर वेगळी ५०० लिटरची टाकी आणि वेगळा पाइप. प्लंबर म्हणाला, "काहून ताई एवढा खर्च? एकाच टाकीत सोडा न दोन्ही पाणी, एक वॉल्व्ह लावून देतो." ठाम नाही म्हटलं. एक वॉल्व्ह गळला की विहिरीचं पाणी स्वयंपाकघरात, आणि नळाला दाब नसताना तेच पाणी मुख्य लाइनीत उलटं जाऊ शकतं. मग आजार आपल्या घरापुरता राहत नाही. दोन्ही पाणी कुठेही जोडू नका, तात्पुरतंसुद्धा. नव्या पाइपावर लाल रंगाचे पट्टे मारले, म्हणजे दहा वर्षांनी काम करणाऱ्यालाही कळेल.

टाकी ३,२००, पाइप आणि मजुरी ४,५००, अर्ध्या एचपीची मोटर ३,८००.

१५ सप्टेंबर

मीटरचा आठवडा : ३.७ युनिट. दिवसाला ५२९ लिटर. मार्चमध्येही कूलर नव्हते, आताही नाहीत, म्हणून तुलना बरोबरीची आहे.

खर्चाचा हिशेब विचारणाऱ्यांसाठी. छत ते विहीर, वाया गेलेल्या ड्रमसकट, २८,००० रुपये. संडासाची वेगळी लाइन ११,५००. नळाच्या बिलातून हे पैसे लवकर निघत नाहीत, आणि तसं कोणी सांगत असेल तर बिल दाखवायला सांगा. हातात मर्यादित पैसे असतील तर आधी फ्लश, मग कूलर, मग टीडीएस मीटर. हे तिन्ही मिळून हजार-बाराशेत होतं आणि त्याला कुदळ लागत नाही. विहीर ज्यांच्याकडे आहे त्यांनीच पुढचं पाहावं.

आज रेती धुतली. वरच्या तीन इंचांत बोटभर काळा गाळ होता, गाळ बसायच्या कप्प्यातून तीन घमेली निघाली. पावसाळ्यात दर महिन्याला हे करायला लागेल.

२१ सप्टेंबर

कोपऱ्यावरच्या घरच्या काकांना असंच करायचं आहे. त्यांच्याकडे विहीर नाही, बोअर आहे आणि तो एप्रिलमध्ये आटतो. छताचं पाणी सरळ बोअरच्या केसिंगमध्ये (बोअरच्या तोंडाच्या पाइपात) सोडायचं त्यांच्या मनात होतं. मी नको म्हटलं, गाळ आणि घाण एकदा खाली गेली की बोअर धुऊन काढता येत नाही. त्यांच्यासाठी बोअरपासून थोडा दूर, मुरुमापर्यंतचा शोषखड्डा आणि आधी आमच्यासारखेच दोन कप्पे. त्यांची ड्रेनेजची लाइन नेमकी कुठून जाते ते आधी शोधायचं आहे, घराचा नकाशा त्यांच्याकडे नाही. खणकाम होळीनंतर. तोवर त्यांच्या छतावरचा उतार आम्ही येत्या रविवारी बादल्या ओतून तपासणार आहोत.